सावली, वारा आणि कोरडी जमीन

माणसाचं घर बांधताना आधी भिंतींचा विचार होतो, मग छपराचा, आणि फरशी शेवटी येते. जनावराच्या घराचा क्रम याच्या उलटा आहे. गाय दिवसातले दहा-बारा तास जमिनीवर बसून किंवा पडून काढते. तिचं खाणं, रवंथ, विणं आणि आजारपण सगळं त्याच जमिनीवर होतं. म्हणून गोठ्यात सर्वांत महत्त्वाची असते ती जमीन. त्यानंतर हवा, मग सावली, आणि भिंत सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की लाखभर रुपये खर्चून बांधलेल्या गोठ्यातही जनावर धापा टाकतं, आणि तो पाळला तर जुना मातीचा गोठाही थोड्या दुरुस्तीने पुढची अनेक वर्षं उत्तम काम देतो.

हे समजून घ्यायला जालना जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके वेगळे करून हा जिल्हा झाला. दक्षिणेला गोदावरी, मधून वाहणारी दुधना, उत्तरेकडे पूर्णा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे अशी त्याची ठेवण आहे. पाऊस सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि जून लागला की तीच काळी जमीन घोटाभर चिखलाची होते. म्हणजे इथल्या गोठ्याला वर्षातून दोन वेगवेगळ्या शत्रूंशी लढावं लागतं. आधी उष्णता येते, मग ओल.

माळवदाखालचा गोठा

मराठवाड्यातला जुना गोठा घराचाच भाग असे. दगडमातीच्या दीड-दोन फूट रुंद भिंती, सागाचे किंवा लिंबाचे खांब, त्यांवर आडवे सर, सरांवर वासे, वाशांवर किलचण, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. या माळवदावर दरवर्षी पावसाळ्याच्या आधी खारी पांढरी माती पसरत. ती ओली झाली की दाटून बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. ज्यांना माळवद परवडत नसे ते मेढी रोवून पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कुड घालत, तो शेणामातीने लिंपत आणि वर गवताचं किंवा पाचटाचं छप्पर टाकत.

या बांधणीत एक मोठं शहाणपण होतं. जाड माती तापायला वेळ लावते आणि निवायलाही वेळ लावते. दुपारचं ऊन भिंतीतून आणि माळवदातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर बाहेरची हवा निवू लागलेली असते. त्यामुळे वैशाखातल्या दुपारी माळवदाखाली बांधलेल्या बैलाला जो गारवा मिळे, तो आजच्या पत्र्याखाली मिळत नाही.

पण या गोठ्याचे दोषही तितकेच खरे होते. चोरीच्या आणि लांडग्यांच्या धास्तीने एकच दार ठेवलेलं असे, खिडकी बहुधा नसेच. आत अंधार, छत बुटकं. खालच्या मुरुमात मूत्र वर्षानुवर्षं मुरत राही. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया सुटतो. तो डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो, फुप्फुसांची नाजूक आतली त्वचा खराब करतो आणि वासरांमध्ये न्यूमोनियाला वाट करून देतो. याच मूत्रातले क्षार भिंतीच्या पायथ्यातून वर चढतात. भिंत पांढरी होते, भुसभुशीत होऊन झडते, आणि लोक म्हणतात, लोणा लागला. एके काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा भारतात अशाच मातीतून काढत असत. मूत्राने भिजलेली माती आणि जुन्या भिंतींची झड पाण्यात विरघळवून, ते पाणी आटवून तो मिळे. गोठ्याच्या जमिनीत किती क्षार साचतात याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको.

पत्रा आला आणि ऊन आत आलं

लाकूड महागलं, माळवदावर दरवर्षी माती टाकायला माणसं मिळेनाशी झाली, आणि गावोगाव लोखंडी पत्रा आला. जालना शहर तर लोखंडाचंच शहर. भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या इथल्या कारखान्यांमुळे पाइप, अँगल आणि वेल्डिंगचे कारागीर जिल्ह्यात सहज मिळतात. चार पाइप उभे करायचे, वर पत्रे ठोकायचे, आठवड्यात गोठा तयार. पावसापासून बचाव झाला, वाळवीची काळजी संपली. पण पत्र्याला जाडी नाही. तो मिनिटांत तापतो आणि आपली उष्णता खाली उभ्या जनावराच्या पाठीवर ओततो. सात फूट उंचीच्या पत्र्याखाली मे महिन्यात बांधलेली म्हैस जीभ बाहेर काढून उभी दिसते, ती याचमुळे. म्हशीची कातडी काळी असते आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षाही विरळ असतात, म्हणून उन्हाचा त्रास तिला सगळ्यांत आधी होतो.

उष्णतेचा हिशेब दुधात लगेच दिसतो. तापलेलं जनावर खाणं कमी करतं, कारण पचनातूनही शरीरात उष्णता तयार होते. वैरण कमी गेली की दूध घटतं, आणि माजावर येणं अनियमित होतं. संकरित गायींना हा त्रास जास्त होतो. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या गायी तुलनेने तग धरतात, पण सावलीची गरज त्यांनाही आहेच.

त्यावरचे उपाय अवघड नाहीत. पत्र्याची उंची कडेला किमान दहा फूट आणि मधल्या आढ्याला पंधरा फुटांपर्यंत ठेवली, तर तापलेला पत्रा जनावरापासून दूर जातो. आढ्यावर फटीसारखी मोकळी जागा सोडून तिच्यावर छोटी टोपी बसवली की वर चढलेली गरम हवा तिथून निघून जाते आणि तिच्या जागी कडेची हवा आत ओढली जाते. उंची वाढवणं शक्य नसेल तर पत्र्यावर उसाचं पाचट किंवा जुना कडबा पसरून दोरीने बांधावा. पत्र्याला वरून चुन्याची पांढरी सफेदी दिली तरी बरंच ऊन परत फिरतं. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून शेडनेट ताणणं हा तिसरा स्वस्त मार्ग. वळवाच्या वादळात पत्रे उडतात, म्हणून ते खिळ्यांवर न सोडता हुकांनी अँगलला आवळले पाहिजेत आणि खांबांचे पाय काँक्रीटमध्ये रोवले पाहिजेत. सिमेंटचे पत्रे कमी तापतात, पण गारपिटीत फुटतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी गारपीट सोसली, तिच्या आठवणी अजून ताज्या आहेत.

गोठ्याचं तोंड कुठे असावं

जालना शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९.८ अंशांवर आहे. या एका आकड्यातून गोठ्याची दिशा ठरते. मे अखेरीस दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचं ऊन फक्त छपरावर पडतं, बाजूंनी आत येत नाही. उन्हाळ्यात आत घुसतं ते सकाळचं पूर्वेचं आणि संध्याकाळचं पश्चिमेचं तिरपं ऊन. त्यातलं पश्चिमेचं जास्त त्रासदायक, कारण तोवर हवाही तापलेली असते. म्हणून गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. मग उगवती-मावळतीकडे गोठ्याच्या अरुंद बाजू येतात आणि ऊन थोडंच आत शिरतं. पुढे डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकून क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर येतो. तेव्हा तो दक्षिणेच्या मोकळ्या बाजूने आत येतो, जमीन वाळवतो आणि वासरांना ऊब देतो. उन्हाळ्यात नको असलेलं ऊन बाहेर राहतं आणि हिवाळ्यात हवं असलेलं आत येतं, हे काम फक्त दिशा करते. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

पावसाळी वारा आणि सपकारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेची अरुंद बाजू भिंतीने किंवा कुडाने बंद ठेवणं आणि तिच्यापलीकडे लिंब, करंज अशी झाडं लावणं हिताचं ठरतं. लिंबाखालची सावली कोणत्याही छपराच्या सावलीपेक्षा गार असते, कारण पानांमधून पाण्याची वाफ होत राहते आणि ती भोवतालची उष्णता घेऊन जाते. फक्त वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की झाडाखालची जनावरं सोडून आत आणावीत. वीज पडून मराठवाड्यात दरवर्षी गुरं दगावतात आणि त्यांतली बरीच झाडाखाली बांधलेली असतात.

जमीन, उतार आणि मूत्राची टाकी

गोठ्याची जमीन आजूबाजूपेक्षा फूट-दीड फूट उंच असावी. काळ्या मातीच्या शिवारात हे विशेष महत्त्वाचं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि वरचा कोबा तडकवते. म्हणून कोब्याखाली काळी माती काढून दगड आणि मुरुमाचा चोपलेला थर द्यावा लागतो. कोब्याला चाळीस ते साठ फुटांत एक फूट एवढा उतार पुरतो. दहा फुटांच्या उभ्या जागेत तो दोन-तीन इंच होतो. उतार जास्त झाला तर जनावराचा भार मागच्या पायांवर पडतो, आणि गाभण गायीला तो सोसत नाही. कोबा गुळगुळीत नसावा. ओला असतानाच त्यावर खराट्याने किंवा दोरीने रेघा ओढाव्यात, म्हणजे खूर घसरत नाही. घसरून मोडलेल्या हाडावर मोठ्या जनावराला फारसा उपचार नसतो.

दूध काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. त्या वेळात गाय ओल्या, शेणाने माखलेल्या जागेवर बसली तर जंतू सडातून आत जातात आणि कासदाह होतो. म्हणून दूध काढल्याबरोबर गव्हाणीत वैरण टाकावी. गाय खात उभी राहते आणि तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. कोरडी जमीन आणि वेळेवर टाकलेली वैरण मिळून एक महागडा आजार टाळतात.

महाराष्ट्र शासनाने ३ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना सुरू केली. रोजगार हमीतून गोठे, शेळ्यांचे आणि कोंबड्यांचे निवारे बांधून देणारी ही योजना आहे. तिचा नकाशा अभ्यासण्यासारखा आहे. सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागा, गव्हाण, २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी आणि २५० लिटरची मूत्राची टाकी, आणि या सगळ्यासाठी ७७,१८८ रुपये, असं त्या निर्णयात ठरलं. एका जनावराच्या वाट्याला साडेचार चौरस मीटरच्या आसपास जागा येते. भारतीय मानकांनुसार गायीला छपराखाली साडेतीन आणि म्हशीला चार चौरस मीटर लागतात, म्हणजे गव्हाण धरूनही हा हिशेब रास्त आहे. मूत्राच्या टाकीचं गणितही पाहावं. मोठं जनावर दिवसाला दहा ते पंधरा लिटर मूत्र टाकतं, तेव्हा सहा जनावरांची २५० लिटरची टाकी तीन-चार दिवसांत भरते. टाकी बांधली पण उपसली नाही तर मूत्र परत गोठ्यातच साचतं. ते शेणखतात किंवा पिकाच्या पाण्यात नियमाने सोडणं हा गोठ्याच्या रचनेचाच भाग मानला पाहिजे.

दावणीपासून मोकळं

मानकात आणखी एक आकडा आहे आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात. गायीला छपराबाहेर सात आणि म्हशीला आठ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं तो सांगतो. म्हणजे छपराखालच्या जागेच्या दुप्पट. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पसरलेला मुक्तसंचार गोठा याच तत्त्वावर चालतो. अंगणाला पाइपचं, बांबूचं किंवा साध्या तारेचं कुंपण घालायचं, गव्हाण आणि पाणी एका बाजूला छपराखाली ठेवायचं आणि दावं सोडायचं. जनावर उन्हात कधी जायचं, सावलीत कधी बसायचं, पाणी कधी प्यायचं ते स्वतः ठरवतं. खुरं आपोआप झिजतात, अंग खाजवता येतं, माजावरची गाय दुसऱ्यांच्या वागण्यावरून लगेच ओळखू येते, आणि दिवसातून दोनदा शेण उचलण्याची मेहनतही वाचते, कारण मोकळ्या जागेत शेण उन्हाने वाळतं.

जुना गोठा मुक्तसंचार करायला तो पाडावा लागत नाही. एका बाजूची भिंत काढली, किंवा तिच्यात रुंद दार पाडलं आणि पुढच्या अंगणाला कुंपण घातलं की काम झालं. शिंगाळ आणि भांडकुदळ जनावरं वेगळी ठेवावीत, वासरांना स्वतंत्र कप्पा द्यावा, आणि बाजारातून आणलेलं नवं जनावर दोन-तीन आठवडे लांब बांधावं. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा ज्यांच्याकडे वेगळं बांधायला जागा होती त्यांना रोगी जनावर बाजूला काढणं सोपं गेलं. लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि या सगळ्यांची पैदास ओल्या उकिरड्यात, साचलेल्या पाण्यात आणि भिंतींच्या भेगांत होते. भेगा बुजवणं आणि उकिरडा गोठ्यापासून लांब नेणं हे बांधकामाचं काम वाटत असलं तरी रोगराईवर त्याचा उपयोग औषधाइतकाच होतो.

शेळ्या, मेंढ्या आणि रेशमाचे किडे

शेळीचा निवारा गायीपेक्षा वेगळा असतो. उस्मानाबादी शेळी ऊन सोसते पण ओल सोसत नाही. तिला उंचवट्यावर बसायला आवडतं, म्हणून लाकडी फळ्यांचा किंवा बांबूच्या फटींचा माचा करून दिला तर लेंड्या आणि मूत्र खाली पडतात आणि अंग कोरडं राहतं. ग्रामसमृद्धी योजनेत दहा शेळ्यांना साडेसात चौरस मीटर धरले आहेत. एका शेळीला पाऊण चौरस मीटर ही जागा रात्रीपुरतीच पुरेशी आहे. दिवसा तिला रानात किंवा कुंपणाच्या अंगणात हिंडायला मिळालंच पाहिजे. धनगरांनी तर चाकाविना फिरतं घर केव्हाच शोधून काढलं आहे. काठ्या रोवून जाळीची वाघर ताणायची, रात्रभर मेंढ्या त्यात बसवायच्या आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकवायची. जमिनीला खत मिळतं आणि मेंढ्या कधीच ओल्या घाणीत बसत नाहीत. कुठलाही पक्का निवारा एवढा स्वच्छ राहत नाही.

जालना जिल्ह्यातला सर्वांत नवा पशुनिवारा मात्र किड्यांचा आहे. तुतीची लागवड आणि रेशीम किड्यांचं संगोपन इथे चांगलं रुजलं, आणि २०१८ मध्ये जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथल्या शेतकऱ्यांना कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जावं लागे. बाजार जवळ आला आणि शेतोशेती कीटक संगोपनगृहं उभी राहिली.

या इमारतीला गोठ्याहून कडक नियम लागतात. सुमारे पंचवीस दिवसांत रेशीम किड्याचं वजन दहा हजार पटींच्या आसपास वाढतं. त्याला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता मानवते. जालन्याच्या एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश आणि कोरडी हवा असताना आत हे जमवायचं असतं. म्हणून छपरावर पाचट, भोवती झाडं, खिडक्यांना ओली पोती आणि आत फवारे लागतात. उझी माशी किड्याच्या अंगावर अंडी घालते, म्हणून प्रत्येक खिडकीला बारीक जाळी आणि दाराला पुढे छोटी खोली हवी, म्हणजे एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडतं. रॅकच्या पायाभोवती पाण्याची वाटी ठेवून मुंग्या अडवतात. प्रत्येक पिकानंतर आतली हरेक फट जंतुनाशकाने धुतली जाते. म्हणून या इमारतीत धान्य, खत किंवा शेळ्या कधीच ठेवू नयेत. शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने आत आली तर एका दिवसात सगळं पीक जातं. संगोपनगृहाची जागा ठरवताना वाऱ्याची दिशा आणि शेजाऱ्याचं पीक पाहावं लागतं, ते याचसाठी.

दुरुस्तीचा क्रम

जुना माळवदाचा गोठा असेल तर तो पाडण्याआधी तपासावा. सर्वांत मोठा धोका माळवदाच्या वजनाचा असतो. दरवर्षी नवी माती पडते, जुनी काढली जात नाही, आणि अनेक वर्षांनी जाड झालेला थर मुसळधार पावसात भिजून आणखी जड होतो. मराठवाड्यात माळवदं बसून माणसं आणि गुरं दगावतात ती बहुधा अशाच वेळी. म्हणून आधी वरची सगळी माती खरवडून काढावी, सर आणि वासे ठोकून पाहावेत, पोकळ आवाज आला किंवा वाळवीची माती दिसली तर तो सर बदलावा, आणि मगच चार-सहा इंचांचा नवा थर द्यावा.

भिंतीला लोणा लागला असेल तर भुसभुशीत भाग खरवडून तिथे दगड भरावेत आणि पायथ्याला आतून दगडी किंवा सिमेंटचा बुटका पट्टा द्यावा, म्हणजे मूत्र भिंतीपर्यंत पोचत नाही. वरच्या मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचा गिलावा करू नये. मातीच्या भिंतीत ओल ये-जा करते. सिमेंट तिला आत कोंडतं आणि काही वर्षांत गिलावा ढलपे धरून सुटतो, जाताना भिंतीची मातीही घेऊन जातो. भुसा आणि शेण घालून कुजवलेल्या मातीचा गिलावा आणि वर चुना हाच तिथे योग्य. त्यानंतर समोरासमोरच्या भिंतींत वर, छताच्या खाली, झरोके पाडावेत. एक झरोका पुरत नाही. वारा शिरायला वाट हवी तशी बाहेर पडायलाही हवी.

हवा पुरेशी झाली की नाही ते पहाटे कळतं. रात्रभर जनावरं बांधलेल्या गोठ्यात शिरून गायीच्या नाकाच्या उंचीवर वाकावं. डोळ्यांत झोंबलं, छताला दव धरलेलं दिसलं, तर झरोके अजून कमी आहेत.

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत चारा छावण्या उघडल्या. तिथे शेतकऱ्यांनी बांबू, शेडनेट, लिंबाचे डहाळे आणि घरातल्या जुन्या साड्या वापरून आपल्या ढोरांना सावली केली. एका दिवसात उभ्या केलेल्या त्या निवाऱ्यांना भिंती नव्हत्या आणि गिलावाही नव्हता, पण सावली आणि वारा होता, आणि त्यावर गुरांनी महिने काढले. पक्क्या बांधकामाला अनुदान मिळणं चांगलंच आहे. पण ज्याच्याकडे आधीच गोठा उभा आहे, त्याच्या उतारासाठी, झरोक्यांसाठी आणि माळवदाच्या एका सरासाठीही मदत मिळायला हवी, कारण कमी पैशात जास्त जनावरांना दिलासा तिथेच मिळतो. वैशाख हा या कामाचा महिना आहे. माती कोरडी असते, माणसाला हाताशी वेळ असतो, आणि पावसाला अजून दिवस असतात. सुरुवात जमिनीपासून करावी.